सहाव्या फेरीतलं खोटं

टण्...

ओट्यावरच्या भांड्यांतून एक चमचा घसरला. एवढाच आवाज. मग पुन्हा सगळं गप्प.

हे मी रचून सांगत नाहीये. गेल्या बुधवारी आमच्याच घरात घडायला लागलं, आणि तेही भर दुपारी. मुलगी झोपली की हाती लागतो तेवढ्या वेळात लिहितेय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

नवरा बोटीवर नोकरीला. चार महिने झाले जाऊन. घरात मी आणि साडेतीन वर्षांची लेक. तिला आम्ही बटण म्हणतो. ती दोनला झोपते आणि साडेतीनला उठते. माझं ऑफिस तेवढंच.

कंपनीच्या लॅपटॉपला एक खोड लागली होती. झाकण मिटलं की तो झोपायचा, उघडलं की जागा व्हायचा, पण पडदा काळाच. पडदा चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, जुनं असलं की सगळं नीट, नव्यावर ही तऱ्हा. दोन्हींच्या मध्ये हजारभर बदल, अनेकांनी केलेले. त्यातला कुठला बाधला, ते मला शोधायचं होतं.

पद्धत सोपी आहे. बरोबर मधला बदल घ्यायचा, लॅपटॉप झोपवायचा, उठवायचा. पडदा उजळला तर वहीत ‘चांगला’ लिहायचं, म्हणजे दोष त्याच्या नंतर शिरलाय. काळा राहिला तर ‘वाईट’, म्हणजे दोष तिथेच किंवा त्याच्या आधी. दर फेरीला यादी निम्मी होते. दहा फेऱ्यांत चोर हाती.

आमच्या साहेबांना ऑफिसात तारीखराव म्हणतात. नमस्काराच्या आधी तारीख विचारतात. बाळंतपणानंतरचं हे माझं पहिलंच काम. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर दुसऱ्याला देतो, तुम्ही आपलं मुलीकडे बघा, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

तिसऱ्या फेरीत पडदा काळा राहिला.

काळ्या काचेत माझ्या मागची खोली दिसत होती. पलंग. झोपलेली बटण. आणि...

पलंगाच्या कडेला एक बाई बसली होती.

पाठमोरी. बटणला थोपटत.

मी वळले. बटण एकटीच होती.

पुन्हा काचेत पाहिलं... होती.

आवाज नव्हता. नुसता हात हलत होता. दोनदा, थांबून एकदा. असं थोपटणारी माझ्या आयुष्यात एकच बाई. माझी आई. बटण जन्मायच्या तीन महिने आधी ती गेली.

घाबरायला हवं होतं. मला रडू आलं.

चौथ्या आणि पाचव्या फेरीत पडदा उजळला. त्या उजेडात कोण दिसणार? ‘चांगला’ लिहिताना हात जड झाला.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. हसला. आल्याच आहेत तर भांड्यांचंही बघा म्हणावं, म्हणाला. मग जेवतेस ना नीट, एवढंच विचारलं.

गुरुवारी सहावी फेरी. पडदा काळा. ती होती.

आणि मी वहीत ‘चांगला’ लिहिलं.

असं एक खोटं उत्तर दिलं की शोध चुकीच्या अर्ध्यात शिरतो. दोष त्याआधीच शिरलेला, त्यामुळे तिथले सगळे बदल वाईटच. म्हणजे पुढच्या प्रत्येक फेरीला पडदा काळा राहणार, आणि शेवटी आळ कुणातरी निरपराध माणसावर. माझं काम तर जाणारच. सगळं कळत होतं मला. पण आई दिसत होती.

सातवी फेरी. मी काचेला म्हटलं, “आई, इकडे बघ ना.”

हात थांबला. पण ती वळली नाही.

आठवी. बटणचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मागे पाहिलं तर उशीवरच.

नववी...

काचेत पलंग रिकामा होता.

ती नव्हती. बटणही नव्हती.

मी गर्रकन वळले. बटण अंथरुणात, गाढ झोपलेली. पुन्हा काचेत पाहिलं. चादरीवर नुसता खळगा.

“ठेव तिला,” मी म्हणाले. “आई, पाया पडते. ठेव तिला खाली.”

वहीतल्या सहावीपासूनच्या ओळी खोडल्या. सहावीपुढे ‘वाईट’ लिहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, खरा मधला बदल घेतला, झोपवला, उठवला.

पडदा उजळला.

शुक्रवारी खरं उत्तर पाठवलं. तारीखरावांनी पहिल्यांदाच तारीख विचारली नाही. खोड गेली. आता झाकण उघडलं की लख्ख उजेड.

बंद टीव्हीत बघते. फोनच्या काचेत बघते. आमची खोलीच दिसते, आणि मी.

ती आईच होती, असं मी धरून चालले होते. चेहरा मी पाहिलाच नाही.

त्या गुरुवारी पडदा उजळला आणि मागे बटण उठून बसली. केस विस्कटलेले, गाल गरम. मी तिला घट्ट धरलं. थोडा वेळ ती तशीच राहिली, मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाली,

“आई, तू मला उचलून दारापर्यंत नेलंस ना, मग परत का ठेवलंस?”