सात नंबरचं क्रुसिबल

मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःलाच लाज वाटते. पण हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय.

गेल्या वर्षी, गौरी-गणपतीच्या सुट्टीत, रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या इनऑर्गॅनिक लॅबमध्ये. आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी.

माझं पीएचडीचं काम माशांच्या हाडांवर आहे. हाडं भट्टीत नऊशे अंशांवर जाळायची आणि उरलेल्या पांढऱ्या पावडरीनं पाणी शुद्ध होतं का ते बघायचं. हाडं मला जेटीवरच्या गोदाकाकी द्यायच्या. मासे कापून झाले की काटे धुऊन, वाळवून पिशवीत भरून ठेवायच्या.

त्यांचा नवरा, आत्माराम, त्याच्या दीड वर्ष आधी बोटीवरून पडला. सापडलाच नाही.

शेवटच्या पिशवीत एक जाड, दोन्हीकडून तुटलेलं, बोटभर हाड निघालं. मधोमध गाठ असलेलं. एवढा कुठला मासा, म्हणून मी हसले. हाडं ओळखणं काही माझा विषय नाही. गाठीवर हातोडी घालून दोन तुकडे केले. एक जाळला आणि त्याची पावडर पुण्याच्या एका लॅबला तपासणीसाठी पाठवली.

दुसरा तुकडा त्या दुपारी सात नंबरच्या क्रुसिबलमध्ये होता. क्रुसिबल म्हणजे चिनी मातीची छोटी वाटी.

डिपार्टमेंटमध्ये कुणी नव्हतं. सोमवारी सरांना आकडे द्यायचे होते, नाहीतर रिसर्च पेपरमधून माझं नाव वगळलं जाणार होतं.

काम तसं सोपं. वाटी तापवायची, डेसिकेटर नावाच्या काचेच्या बंद भांड्यात थंड करायची, वजन घ्यायचं. मग पुन्हा तापवायची. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं. वजन उतरतं, नाहीतर थांबतं. वाढत नाही.

सातचं वाढलं.

वजनकाटा तपासला. बाकीच्या वाट्या ठीक होत्या. सात पुन्हा तापवली... आणखी वाढलं.

तिसऱ्यांदा डेसिकेटरमध्ये ठेवून मी स्टुलावर बसले.

तेवढ्यात... ठक.

डेसिकेटरचं झाकण. ग्रीस लावलेलं, जड. ते सरकवायला मला दोन्ही हात लागतात.

पुन्हा... ठक. आतून.

जवळ गेले. भांड्याच्या तळाशी ओलावा शोषणारे निळे दाणे असतात. ओले झाले की ते गुलाबी होतात. माझ्या डोळ्यांदेखत ते गुलाबी होत गेले... एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. झाकणाच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं.

आणि तेव्हा लक्षात आलं... भट्टीचा दिवा चालू होता, पण तिची घरघर ऐकू येत नव्हती. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाजही नाही. काहीच नाही.

मी घाबरले. खूप घाबरले. सातमध्ये त्या जाड हाडाचा तुकडा होता. कसाबसा गोदाकाकींना फोन लावला.

"काकी, शेवटच्या पिशवीत ते जाड हाड कसलं होतं?"



"जळलं का गो बाय पुरं?"

"काय जळलं?"

"आमचे हे." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "रितेशच्या जाळ्यात आलं ते. ह्यांच्या भाच्याच्या. ह्यांची नडगी मोडून वाकडी जुळलेली. मी बघताक्षणी ओळखली. पोलिसांत दिली असती तर परत कधी मिळायची? तुझी भट्टी मोठी म्हणालीस ना... ह्यांना आग मिळाली नव्हती गो."

सातमधली राख मी स्टीलच्या डबीत भरून त्यांना नेऊन दिली.

"सगळी आहे ना ह्यात?"

"हो काकी."

पुण्याला गेलेल्या तुकड्याचं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळे होते, पण एकही शिवेना. तास गेला. रितेश म्हणाला, मामा, मामीला अंतर देणार नाही. काकी म्हणाल्या, मी रडायची नाही. कावळे तसेच बसून राहिले...

सगळे माझ्याकडे तोंड करून.

मी मनातल्या मनात म्हटलं, "उरलेलं मी आणून देते. शब्द देते."

एक कावळा लगेच खाली उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. काकी ढसाढसा रडल्या.

मी बाजूला जाऊन पुण्याला फोन लावला. नमुना परत हवाय म्हटलं.

"मॅडम, तो तर आम्ही ॲसिडमध्ये विरघळवून तपासला," तिकडची मुलगी म्हणाली. "परवाच झालं. उरलेलं बेसिनमध्ये ओतून दिलं. काही प्रॉब्लेम आहे का?"

आता वर्ष होईल. पेपर छापून आला, त्यात माझं नाव आहे. लॅबमध्ये मी एकटी थांबत नाही.

काकी भेटल्या की गालावरून हात फिरवतात. "तुझ्यामुळे सुटले गो ते," म्हणतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

पण शब्द मी काकींना दिला नव्हता...