लाल काचेतली नाव

एकोणीसशे छप्पन सालचा वैशाख. रविवारची सकाळ. चिमाजी चिंचवडहून सायकलवर निघाला, तो चऱ्होलीला आपल्या चुलतबहिणीकडे. कॅरियरला गोणपाटात गुंडाळलेली एक पितळी पेटी बांधलेली होती. वाटेत कुणी विचारलंच, तर तो म्हणे, "हत्यारं आहेत." तो पिंपरीच्या कारखान्यात फिटर होता, त्यामुळे कुणी पुढे विचारत नसे.

पेटीत कॅमेरा होता. पुढे जाड काच, फटींना सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि बटण दाबायला, फिल्म फिरवायला बाहेरून दोन चाव्या. लढाईच्या दिवसांत चिमाजी आरमारात पाणबुड्या होता. बुडालेल्या जहाजांचे पाण्याखाली जाऊन फोटो काढायचे, हे त्याचं काम. ते दिवस सरले, आणि पेटी ट्रंकेच्या तळाशी जाऊन पडली. ती बाहेर आली आक्कासाठी.

आक्का म्हणजे हीच चुलतबहीण, छबूबाई. तिचा नवरा भिमाजी चऱ्होलीच्या तरीवर, म्हणजे माणसं नदीपार नेणाऱ्या नावेवर, नावाडी होता. गेल्या भाद्रपदात इंद्रायणीच्या पुरात नाव बुडाली आणि भिमाजीसकट नऊ माणसं गेली. तीन दिवसांत सगळी प्रेतं सापडली, सगळ्यांना अग्नी दिला गेला. नाव तेवढी डोहाच्या तळाशी, खडकांच्या कपारीत रुतून बसली. तरीच्या ठेकेदारानं चौकशीत सांगितलं, "तळाला मी नवी सागवानी फळी घातली होती. नावाडी प्यालेला होता, त्यानं नाव खडकावर घातली." तेव्हापासून छबूबाई घाटावर गेली की बाकीच्या बायका घागरी उचलून दुसरीकडे जात.

"धनी थेंबाला शिवत नव्हतं रं चिमा," ती म्हणाली होती. "फळी कुजलीया म्हून तीनदा सांगून आलं. ठेकेदारानं वर पत्रा ठोकला न् डांबर फासलं. मी डोळ्यांनी बघितलाय पत्रा."

मामलेदारांपुढे शेवटची सुनावणी बुधवारी होती. पावसाळा लागला की पूर नावेचे तुकडे करणार. पत्रा उचकटून आणला, तर ठेकेदार म्हणणार, कुठल्या उकिरड्यावरून आणला? पत्रा नावेतच दिसायला हवा होता. चिमाजीनं मनाशी ठरवलं, तो मी दाखवीन.

आधीचे दोन रविवार वाया गेले होते. पहिल्यांदा नुसती काच लावून काढलेले फोटो म्हणजे धुकं. दुसऱ्यांदा कॅमेऱ्यापुढे पिवळी काच बसवली, तेव्हा नाव दिसली, कडेला कोरलेला नंबरही वाचता आला. पण तळाचं शेवाळ, लाकूड आणि पत्रा सगळं एकाच राखाडी रंगात मिसळलेलं. आता त्यानं लाल काच आणली होती. लाल काच हिरवं शेवाळ काळं करते आणि गंज उजळून दाखवते, हे तो बंदरात शिकला होता. मात्र तिला ऊन भरपूर लागतं.

डोहाच्या काठी मालोजीतात्या दोर घेऊन बसला होता. भिमाजीचा जुना सोबती. सूर्य डोक्यावर आलेला, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि चिखलाला उन्हानं एक आंबूस वास सुटला होता.

"चिमाजीराव, भर बाराला डोहात उतरू नये म्हनत्यात," तात्या हळूच म्हणाला.

"मला ऊन सरळ खाली उतरायला हवं, तात्या. दोर तीनदा हलला की ओढा."

कमरेला दोर, पोटाशी धोंडा. चिमाजी खाली गेला. हिरवा उजेड, कानात ठोके, आणि तळाशी ती नाव, सरळ बसलेली, जणू उतारूंची वाट बघत. नाव रिकामी होती. एका दमात एक फोटो, वर येऊन श्वास, पुन्हा खाली. असं बारा वेळा.

संध्याकाळी चिंचवडच्या खोलीत दारं-खिडक्या घोंगड्यांनी बंद करून त्यानं फिल्म धुतली. ती वाळल्यावर त्यानं दिव्यासमोर धरली, आणि मग बराच वेळ धरूनच राहिला.

नाव भरलेली होती.

दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर माणसं बसलेली. मांडीवर गाठोडी, हात गाठोड्यांवर. चेहरे पुसट, पण पागोटी, पदर स्पष्ट. आठ जणं. आणि मागच्या बाजूला, जिथे पत्रा असायला हवा होता नेमकं तिथे, एक रुंद पाठीचा माणूस उकिडवा बसलेला. बाराही फोटोंत तो तिथेच.

फिल्म जाळून टाकावी असं चिमाजीला क्षणभर वाटलं. पण बुधवारच्या आधी दोनच दिवस उरले होते, आणि पत्र्यावरून तो माणूस हलल्याशिवाय काम होणार नव्हतं.

सोमवारी पाळी सुटल्यावर तो चऱ्होलीला गेला आणि फोटो आक्कापुढे ठेवला. ती रडली नाही. तिनं त्या पाठीवर बोट ठेवलं.

"धनी हायती," ती म्हणाली. "भोक दाबून बसल्यात. पानी आत यिऊ नये म्हून... अजून."

चुलीतलं लाकूड तेवढं फुसफुसत होतं.

"तू परत जाशील?" तिनं विचारलं.

"जाणार."

"मग त्यास्नी सांग, छबूनं धाडलंय. म्हणावं, आता समदी उतरली. बाजूला व्हा."

मंगळवारी त्यानं रजा टाकली. पुन्हा तेच भर ऊन, तोच वास. तात्यानं या वेळी दोर हाताला दोन वेढे घालून धरला.

पहिल्या पाच बुड्यांत डोळ्यांना वेगळं काहीच दिसलं नाही. रिकामी नाव, शेवाळ, एक मासा. सहाव्या बुडीला चिमाजी थेट नावेच्या मागच्या बाजूला गेला, पेटी छातीशी धरली, आणि तोंडातली हवा सोडत पाण्यात बोलला. शब्द कसले, नुसते बुडबुडे. पण मनात त्यानं ते नीट म्हटले. भावजी, आक्कानं धाडलंय. सगळी उतरली. बाजूला व्हा.

पाणी एकाएकी गार झालं. नाव किंचित कलली, जशी जड माणूस जागेवरून उठला की कलते. मग त्याच्या मनगटावर काहीतरी टेकलं. खरखरीत, रुंद. त्या हातानं पेटी वीतभर डावीकडे सरकवली आणि मनगट तसंच धरून ठेवलं. ओरडावं असं चिमाजीला वाटलं, पण छातीत हवाच नव्हती. त्यानं चावी दाबली. फिल्म फिरवली. पुन्हा दाबली. मनगट मोकळं होईपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं दोर तीनदा हिसकला.

काठावर तात्यानं त्याला उताणा निजवला. "लई येळ लावलात... म्या म्हनलं, गेलात..."

"आणखी उतरायचंय," चिमाजी म्हणाला, आणि उरलेल्या बुड्याही त्यानं पुऱ्या केल्या.

बुधवारी मामलेदारांच्या टेबलावर फोटो ठेवला गेला. त्यात माणूस नव्हता. कडेला कोरलेला तरीचा नंबर, काळं शेवाळ, आणि त्यात पांढराफटक उजळलेला गंजका पत्रा. एका कडेनं उचकटलेला, खाली कुजलेल्या फळीचं तोंड उघडं. खिळेसुद्धा मोजता येत होते. ठेकेदारानं फोटो हातात घेतला, खाली ठेवला, आणि पाणी मागितलं. ते त्याला पिववेना. पेला ओठांशी नेला की हात आपोआप खाली येई. शेवटी त्यानं सगळं कबूल केलं. नावाडी प्यालेला होता, ही ओळ कागदांतून खोडली गेली.

दुसऱ्या दिवशी छबूबाई घाटावर गेली. एका बाईनं आपली घागर सरकवून तिला जागा दिली. तिनं पाणी भरलं आणि ओंजळभर परत नदीत सोडलं.

फोटो तिच्या घरात राहिला. मंगळवारची फिल्म चिमाजीकडे राहिली. त्यातला बारावा फोटो त्यानं कुणाला दाखवला नाही आणि कधी छापलाही नाही. अकरा फोटो त्याला नीट आठवत होते. बाराव्यासाठी चावी कधी दाबली, ते आठवेना. खूप वर्षांनी एकदा त्यानं तात्याला तेवढं सांगितलं.

बाराव्या फोटोत चिमाजी स्वतः होता. गुडघे दुमडलेले, कमरेला दोर, केस वर तरंगणारे, तोंडातून निघालेले बुडबुडे. दोन्ही हातांनी पितळी पेटी छातीशी धरलेली, तिची काच सरळ समोर रोखलेली. फोटो नावेच्या आतून घेतलेला होता, फळीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून.