टाक्यांतला जाईचा वास

"पोलीस? लगेच या हो, माझ्या चारही टाक्या मेल्या!"

फोनवर डॉ. म्योंग अक्षरशः रडत होते. इन्स्पेक्टर नोह चुनछन शहरातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पोचले तेव्हा बाहेर बर्फ साचलं होतं आणि आत, ऐन हिवाळ्यात, जाईचा वास कोंदला होता. बंद खोलीत फुलं कुजावीत तसा.

काचेच्या टाक्यांत एका डोंगरी झाडाच्या पेशी वाढवत होते. त्यांपासून कर्करोगावरचं औषध बनायचं, अजून चाचणीतलं. पिवळ्या असायच्या त्या पेशी तपकिरी पडल्या होत्या. एक टाकी तर अर्धी रिकामी.

"हिनंच केलं!" म्योंगनी सहायक ओक-रानकडे बोट दाखवलं. "तीन दिवस माहेरी पळाली, जाताना ओतून गेली. उद्या कंपनीची माणसं येतायत. हिला आत टाका!"

"हिवाळ्याचं कोबीचं लोणचं, किमची, घालायला गेले होते, सर. तुमच्यासाठी डबाही आणलाय," ओक-राननं हातातला डबा पुढे केला. "साहेब, चोर म्हणून नाव झालं तर मला पुन्हा कोण काम देईल?"

"हा वास कसला?" नोहांनी विचारलं.

"जाईच्या संप्रेरकाचा," ओक-रान म्हणाली. "आधी वाढीचं संप्रेरक देतो, पेशी फोफावतात. अगदी शेवटी जाईचं. पेशींना वाटतं किडा चावला, मग त्या स्वतःला वाचवायला औषध बनवतात. पण वाढ तिथंच खुंटते. कुणीतरी फार लवकर ओतलंय."

"डॉक्टर, काल तुम्ही कुठे होतात?"

"घरी. बायकोनं किमची घातली. कोबीचा डोंगर! मदत नको करायला?"

नोहांनी म्योंगच्या टेबलावर नजर टाकली. दुकानातल्या किमचीचं अर्धं खाल्लेलं पाकीट. शेजारी रुमालात बांधलेला आणखी एक डबा. त्यांनी गाठ सोडली. तांदळाची पेज, गारढोण, चमचाही न लागलेली.

नोहांनी सोबतच्या हवालदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. तो धावतच बाहेर पडला.

"ओक-रान, टाकी नासवायची तर तू काय करशील?"

"झाकण उघडं टाकीन. बुरशी लागते."

"म्हणजे वैऱ्याला झाकण उघडणं पुरतं. जाईचं ओततो तो, ज्याला औषध हवंय आणि थांबायला सवड नाही. म्हणून अर्धी टाकी गायब. डॉक्टर, किमची घातली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा येतोच. माझी बायको तर डबे वाटायला मला पोस्टमन करते! हिनं आणला. तुम्ही मात्र दुकानातली खाताय. आणि पेज धडधाकट माणसाला कोण नेतं? वहिनी कशा आहेत?"

म्योंगनी पेजेचा डबा जवळ ओढला.

"कर्करोगापुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. काल रात्री पाजलं तिला."

"शुद्ध न करता?" ओक-रान किंचाळली. "सर, पेशी वाढल्याच नव्हत्या! त्यात औषध चमचाभरही नसेल. तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं गं. सगळं कळत होतं. पण ती समोर कण्हत होती." त्यांनी मान खाली घातली. "कंपनीला चोर दाखवावा लागणार होता. तू सापडलीस."

"आज सकाळी?" नोहांनी हळूच विचारलं.

"बाहेरून पेज आणली तर तोंड उघडेना. झोपलीय म्हटलं. डबा हातात तसाच घेऊन इथे आलो."

नोहांचा फोन वाजला. हवालदार होता, डॉक्टरांच्या घरून. नोहांनी ऐकून घेतलं आणि टोपी काढली.

पेज सांडू नये म्हणून म्योंग रुमालाची गाठ पुन्हा घट्ट बांधू लागले.