भगवानला न जुमानणारा टप

"माझ्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही, आणि पुढेही सुटणार नाही," खासगी गुप्तहेर बाजीराव टेमकरांनी वाशीतल्या आपल्या गॅलरीतून समस्त मानवजातीला उद्देशून जाहीर केलं.

"मग माझी डावी चप्पल तुमच्या पायात कशी?" सुभाष प्रधानने विचारलं. हा त्यांचा शेजारी आणि बिनपगारी सहायक. विचार सावकाश करायचा, प्रश्न मात्र नेमका नको तेव्हा विचारायचा.

बाजीरावांनी खाली पाहिलं. "पुराव्याला हात लावायचा नसतो," ते म्हणाले आणि विषय संपवला.

तेवढ्यात धापा टाकत श्यामसुंदर खोत जिना चढून आले.

१९८३ सालच्या वाशीत बटणावर उघडणाऱ्या टपाची गाडी एकच होती, आणि ती खोतांची. कुवेतची नोकरी संपवून येताना त्यांनी ती बोटीने आणली होती. बटण दाबलं की मोटर घुरघुरायची आणि कापडी टप दुमडून मागे जायचा. ते बघायला सोसायटीतली माणसं जेवण टाकून खाली यायची.

"बाजीराव, घात झालाय. आज संध्याकाळी भाच्याची वरात, आणि टप उघडत नाही. म्हणजे माझ्या हातून उघडतो. ड्रायव्हर भगवानच्या हातून उघडत नाही. वरातीला गाडी तोच नेतो. नवरदेव बसला की टपही त्यानेच उघडायचा, मी पुढे गेलेलो असतो. मागच्या दोन्ही वराती बंद गाडीतून गेल्या, नवरदेव दिसलाच नाही. त्यानेच काहीतरी करून ठेवलंय. आज टप उघडला नाही, तर त्याला पोलिसात देतो, आणि गॅरेजमागची खोलीही खाली करून घेतो."

"त्या खोलीत कोण राहतं?"

"तो आणि त्याची बायको, केशरबाई."

बाजीरावांचे डोळे चमकले. ते उठले. सुभाषही उठला, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बाजीरावांची दोन नंबर मोठी चप्पल घालून.

खोतांच्या बंगल्यापुढे लाल गाडी सपाट रस्त्यावर उभी होती. सुभाष मागून फेरी मारायला गेला आणि कळवळला. मागच्या चाकाला लावलेल्या विटेवर त्याचा अंगठा आपटला होता.

"सुभाष, निरीक्षण डोळ्यांनी करायचं असतं," बाजीराव म्हणाले. पण त्या विटेकडे ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

भगवान पुढे आला. उरणकडचा, पन्नाशीचा, खाणीत डंपर चालवून रापलेला. मागे दारात केशरबाई पदराचं टोक चावत उभी.

"सायेब, मी काय पन केला नाय. गाडी थांबवतो, बटन दाबतो, टप हालत नाय. मालकांनी दाबला का उघडतो. गाडीला पन माझा त्वांड पसंत नाय वाटतं."

"आणि हा लाल दिवा?" बाजीरावांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

"तो टपाचा दिवा," खोत अभिमानाने म्हणाले. "बघा, त्यावर चित्रच आहे. हा गोल म्हणजे गाडी आणि बाजूचे कंस म्हणजे उघडलेला टप. दिवा लागला की बटण दाबायचं."

"माझ्या हाती तो बी कदी लागला नाय," भगवान म्हणाला. "तो बी रुसलेला हाय."

खोतांची बायको जयमाला बाहेर आली. "उघडी गाडी नको, असं मीच म्हणत होते. खाडीवरचा वारा काय कमी आहे? मागे माझा गजरा उडाला तो परत मिळाला नाही. पण मला त्या गाडीचं दार उघडत नाही, टप कुठून बिघडवू?"

कोपरखैरण्याचा इलेक्ट्रिशियन जयप्रकाश टेस्टर खिशात खोचून बसला होता. "फ्यूज बदलला, रिले बदलला. मोटरला थेट बॅटरी दिली, मस्त फिरते. माझ्या दुकानात गाडी लावली तर बटणानेही टप उघडला. वायरिंग ओके आहे. फॉल्ट माणसात आहे, शेठ."

"शंभर टक्के," बाजीराव म्हणाले. केशरबाईने डोळे मिटले. "भगवान, एक चक्कर मार आणि गाडी इथेच लाव. रोज लावतोस तशी."

भगवानने चक्कर मारली. गाडी थांबवली, गिअरमध्ये टाकली, चावी फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरून वीट चाकाला लावली. परत बसून चावी अर्धी फिरवली आणि बटण दाबलं. टप ढिम्म.

"आता ती वीट काढ. गिअर काढ. आणि तुझ्या उजव्या हाताशी तो दांडा आहे ना, तो वर ओढ."

"ह्यो? ह्यो तर हँडब्रेक."

"ओढ."

भगवानने ओढला. लाल दिवा लागला. भगवान हात मागे घेऊन बसला, दिवा चावेल अशा भीतीने.

"दाब."

मोटर घुरघुरली, टप थरथरला, उठला आणि दुमडून मागे गेला. केशरबाईने पदर सोडला. पलीकडच्या इमारतीतून कोणीतरी टाळी वाजवली.

"म्हणजे..." सुभाषने सुरुवात केली.

"म्हणजे तो दिवा टपाचा नाहीच, हँडब्रेकचा आहे. गोल म्हणजे चाक, कंस म्हणजे चाकाला दाबून धरणारे ब्रेकचे गट्टू. धावत्या गाडीत टप उघडून वाऱ्याने फाटू नये, म्हणून बनवणाऱ्याने बटणाला वीज हँडब्रेकमधूनच दिली. ब्रेक ओढला नाही तर बटण मेलेलं. खोतसाहेब, तुम्ही सवयीने ओढता. जयप्रकाशनेही दुकानात ओढला. आणि भगवान? सपाट रस्त्यावर गाडी, तरी चाकाला वीट. तेव्हाच मी ओळखलं. भगवान, डंपरचा हँडब्रेक कधी चालला होता का?"

"नाय सायेब. तार तुटलेली. एक डंपर घसरून थेट खड्ड्यात गेला. तवापासून गिअर आनि दगड. दांड्याला मी हातच लावत नाय. इकडं दगड नाय गावत, म्हनून वीट."

"घातपात नाही. परदेशी इंजिनियरने सगळ्याचा विचार केला, फक्त विटेचा केला नाही."

खोतांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. "भगवान, खोली तुझीच. चुकलो मी. आज वरात तूच ने. आणि काही हवं असेल तर माग, संकोच करू नको."

भगवानने हँडब्रेककडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं, डोकं खाजवलं.

"मालक, दांडा ओढतो. पन वीट बी ठेवू का?"