तांबडीचा पुढचा डावा पाय

साखरा गावापलीकडच्या डोंगरात लांडग्यांचं बीळ आहे आणि त्यात यंदा पिल्लं आहेत, ही खबर संपतरावांनी आणली आणि मी त्याच दिवशी मोहीम ठरवली.

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मला आठ महिने झाले होते. एका पाहणीसाठी मी जिल्ह्यातल्या लांडग्यांच्या नोंदी घेत होतो. नोंदी भरपूर होत्या, पण सगळ्या ठशांच्या आणि विष्ठेच्या. पिल्लांचा एक स्पष्ट फोटो हाती आला असता, तर तो सगळा माळ राखीव ठेवा असं ठणकावून सांगता आलं असतं.

संपतराव साठीचे मेंढपाळ. "येतो की. माझ्या मेंढ्या कोन खाते, त्याचं तोंड तरी बघू," म्हणाले. त्यांच्या पत्नी सिंधूबाईही निघाल्या, कारण पाणी आणि कॅमेरे वाहणारी त्यांची घोडी, तांबडी, त्यांच्याशिवाय पाऊल टाकत नसे. शिंगरू असल्यापासून त्यांनीच तिला वाढवलं होतं. घरात वाहतुकीला तेवढी एकच घोडी. दोन आठवड्यांनी कळप पैनगंगेकडे हलायचा होता. तेव्हा जाळी, भांडी, बिछाने आणि चालता न येणारी कोकरं, सगळं तिच्याच पाठीवर जाणार होतं.

मेंढपाळ घोडीला नाल मारत नाहीत. मी मात्र हट्ट धरला.

"आमच्यात कुनीच घोडीला लोखंड न्हाई घातलं," संपतराव म्हणाले.

"मामा, वर सगळा काळा दगड आहे. खूर झिजतील."

"खूर झिजले म्हून ती तुमाला सांगाय आलती का?" सिंधूबाईंनी विचारलं.

मी हसलो. निघायच्या पाच-सहा दिवस आधी आठवडी बाजारात नालबंदाकडून चारही पायांना नाला मारून घेतल्या. प्रत्येक नालेला सहा खिळे. मी मोजले होते.

पहिले दोन दिवस मजेत गेले. कुसळी गवताचा पिवळा माळ, मधूनच खैराची झुडपं, दूरवर उन्हात थरथरणाऱ्या टेकड्या आणि तांबडीच्या नालांचा दगडावर होणारा खणखणाट! दुसऱ्या दिवशी, जिथं पाणी भरायचं ठरलं होतं त्या डोहाशी पोहोचलो तर त्यात नुसतं गढूळ पाणी. तांबडी तेवढ्यावर भागवून घेऊ शकली, पण आमचे कॅन भरता आले नाहीत. एक वीस लिटरचा भरलेला, दुसरा अर्धा. एवढ्यात जाऊन यायचं होतं.

तिसऱ्या सकाळी तांबडी लंगडायला लागली.

मी पद्धतशीर तपासणी केली. तिला सपाटीवर चालवलं. पुढचा डावा पाय टेकला की डोकं वर उडायचं, म्हणजे दुखणं त्याच पायात. खांद्यापासून खाली घोट्यापर्यंत बोटांनी दाबत आलो. सूज नाही, जखम नाही. उजव्या पायाशी ताडून पाहिलं. काहीच फरक नाही. खूर उचलला. नाल शाबूत, खडा अडकलेला नाही. मी पाय खाली ठेवला आणि वहीत लिहिलं : कारण अज्ञात.

"खांदा भरलाय," संपतराव म्हणाले. "डाग द्यावा लागंल."

"डागायचं नाही, मामा! उगाच भाजून काय होणार?"

"मंग तुमी सांगा ना, काय झालंय तिला?"

मी पुन्हा तिचा खांदा चाचपला.

"वझं उतरवा आन् माघारी चला," सिंधूबाई म्हणाल्या. "न्हाई म्हनून राहिली ती. दिसत न्हाई का?"

समोरच्या घळीपलीकडे, दुर्बिणीतून, बिळाची लाल माती मला दिसत होती. फार तर दोन किलोमीटर. "एवढी घळ ओलांडू," मी म्हणालो. "तिकडे सावलीत दिवसभर विसावा देऊ तिला." संपतरावांनी लगाम हाती घेतला. त्यांनाही ते तोंड बघायचं होतं.

घळीची वाट कड्याला चिकटून जात होती. रुंदी दोन हात. निम्म्यात आल्यावर तांबडी थांबली. मी मागून तिला ढकललं. तिनं डावा पाय टेकवला, आणि तो मुडपला!

"सोडा! दोर सोडा!" सिंधूबाई ओरडल्या.

घोडी गुडघ्यांवर आपटली. मागचा एक पाय कड्याबाहेर गेला. दगड सुटले! भरलेला कॅन निसटला, खाली आदळला, फुटला! संपतरावांनी लगाम पोटाशी आवळून धरला. मी विळ्यानं ओझ्याचे दोर कापले. अर्धा कॅन आणि भांडी वाटेवरच पडली. कॅमेऱ्यांची पेटी खाली गडगडत गेली. तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. सिंधूबाई घोडीच्या तोंडाशी उभ्या राहून तिला नावानं हाका मारत होत्या. एक हिसका... दुसरा... आणि तांबडी वाटेवर आली!

आम्ही तिला मागे फिरवून सपाटीवर आणलं. ती तीन पायांवर उभी होती. अंगभर घाम.

संपतरावांनी काटक्या पेटवल्या आणि विळा तापत ठेवला. या वेळी मी अडवलं नाही. घळीतल्या त्या प्रकारानंतर कुठल्या तोंडानं अडवणार? त्यांनी तिच्या खांद्यावर तीन रेघा ओढल्या. ती ओरडली. जळक्या केसांचा वास पसरला.

सिंधूबाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्या खाली बसल्या आणि तिचे पाय चोळता चोळता हात खुरापर्यंत नेला. थबकल्या. दुसऱ्या खुरावर हात ठेवला. मग तिसऱ्या, मग चौथ्या.

"ह्यो एकच गरम हाय," त्या म्हणाल्या. "बाकीचे थंड."

मी तळवा लावला. खरंच तापलेला! पाय मी वरपासून खालपर्यंत ताडून पाहिला होता, पण नालेपाशी थांबलो होतो. नाल संरक्षणासाठी होती. माझी होती. तिच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

विळ्याच्या टोकानं मी खिळ्यांची वाकवलेली टोकं सरळ केली. एकेक खिळा उपसला. पहिला कोरडा, दुसरा, तिसरा कोरडा. चौथा काढताच घोडी थरारली. खिळा काळा, ओला होता. मागोमाग भोकातून घाण वासाचा पू आला.

चौथा खिळा खुराच्या जिवंत भागात गेला होता. आठ दिवस आतल्या आत पिकत होता.

संपतरावांनी त्या खिळ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या तीन रेघांकडे. विळा गवतात टाकला आणि पाठ करून बसले.

अर्ध्या कॅनमध्ये उरलेल्यातलं निम्मं पाणी आम्ही मीठ घालून कोमट केलं आणि पातेल्यात तिचा खूर बुडवून ठेवला. घळीत उतरून मी पेटी शोधली. तीनपैकी एक कॅमेरा चालू होता. बीळ अजूनही समोरच होतं.

सिंधूबाईंनी माझी नजर पाहिली. "जा की," म्हणाल्या. "पानी बी घेऊन जा."

मी गेलो नाही. खुराला गोणपाट बांधून, आलो त्या लांबच्या वाटेनं न जाता, आम्ही थेट साखऱ्याकडे उतरलो. चार तास, पावला-पावलानं. पाणी संपलं. संध्याकाळ व्हायच्या आत मोबाईलला रेंज आली, मी फोन केला, आणि साखऱ्याला जनावरांचे डॉक्टर येऊन थांबले. त्यांनी धनुर्वाताची सुई दिली, खूर साफ केला. "वाचेल," म्हणाले. "हे डाग कुणी दिले?" संपतराव घोडीच्या पलीकडच्या बाजूला गेले.

कळप ठरल्या दिवशी निघाला. तांबडी रिकामी चालत होती. बिछाने संपतरावांच्या पाठीवर होते, भांडी सिंधूबाईंच्या डोक्यावर, आणि कडेवर एक कोकरू. मी थोडं ओझं घेऊ का, असं विचारलं. "तुमचं तुमी सांभाळा," त्या म्हणाल्या आणि चारही नाला माझ्या हातात ठेवल्या.

बिळाशी मी तीन आठवड्यांनी एकटाच गेलो. रिकामं होतं. अहवालात तसंच लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या तळावर गेलो तेव्हा तांबडी धडधाकट होती, ओझंही वाहत होती. खांद्यावर तीन रेघा, तिथं केस उगवलेले नाहीत. सिंधूबाईंनी नुसतं बोट लावलं की ती पाय उचलायची. मी पुढचा डावा उचलायला वाकलो, तर कान मागे टाकून सरकली.

"मला बी न्हाई देत," संपतराव म्हणाले.