मावा जाईपर्यंत

रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वालूरला दत्तरावांच्या परसात प्रीतमनं त्यांच्या मुलीच्या, राजेश्रीच्या हातातली फवारणीची नळी धरली.

तो पाथरीहून तिला बघायला आला होता. पोहे झाल्यावर मोठ्यांनी दोघांना दहा मिनिटं बोलायला परसात पाठवलं. राजेश्रीला काही सुचेना. समोर तिनं स्वतः लावलेली लिंबोणीची पाच झाडं होती. कोवळ्या शेंड्यांवर माव्याची बारीक कीड गच्च बसलेली, पानं चिकट. नव्या साडीतच तिनं भरलेला पंप उचलला.

"थांबा – मारू नका त्यांना!"

"मावा हाय तो. रस पिऊन झाड वाळवायलाय."

"माव्याला न्हाई, या अळ्यांना..." त्यानं पान उलटं केलं. काळ्या, काटेरी अळ्या. "लाल पाठीवर काळे ठिपके असतात ना, त्या ढालकिड्याची पिल्लं. मावा खायलेत. औषधानं आधी हीच मरतील."

"तुमी मला बघायला आलाव का किड्यांना?"

तो लाजला... पण पान सोडलं नाही. त्याच्या बोटाला तिचं बोट लागलं.

"मावा किती दिवसांत जाईल?" तिनं विचारलं.

"आठ."

"मग माझं उत्तर बी आठ दिवसांनी. मावा गेला तर हो."

"अन् न्हाई गेला तर?"

तिनं पंप खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर दत्तराव तापले. "पोरगं पोरीला बघायला आलतं का झाडाला? आठ दिवस थांबतो राजे, मग म्या फवारणार."

मंगळवारी मावा वाढल्यासारखा वाटला. राजेश्री दिवसातून दहादा परसात जाई. बुधवारी प्रीतमचा फोन आला.

"किती राहिला?"

"लय हाय."

"अळ्या?"

"त्या बी लय."

"...अन् तुमी?"

तिनं फोन ठेवला आणि पुन्हा परसात गेली.

शनिवारपर्यंत चार झाडं मोकळी झाली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता पाचव्या झाडाचा एक शेंडा अजून माव्यानं भरलेला होता. ओसरीवर दत्तराव पंप धुवायला बसले होते. राजेश्रीनं मागं वळून पाहिलं, शेंडा कटकन मोडला, कपड्यांच्या बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवला. खूण दिसू नये म्हणून मोडल्या जागी ओली माती चोळली. मग फोन लावला.

"गेला."

"सगळा?"

"...सगळा."

"खरंच?"

"खोटं वाटत असलं तर येऊन बघा."

"आत्ता?"

"मी न्हाई म्हणले का?"

सव्वापाचला प्रीतमची मोटारसायकल पाथरीतून निघाली. सहाला तो अजून वाटेतच होता. फांदीवरची माती सुकून गळायला लागली होती, खालची ताजी मोड उघडी पडत होती.