केशरी जॅकेटाचा खिसा

शेगडीत अजून एक ओंडका टाक रे, आणि दार नीट लाव. उद्या पाहुणे येतील, लढाईत जखमी झालेले जवान. त्यांना रानात एकटं सोडायचं नाही म्हटल्यावर मघाशी कोण हसलं? तू ना? मग ऐक. माझ्या शेजाऱ्याची, ऑरिनची गोष्ट आहे. खोटी वाटली तर त्याच्या दारात जाऊन विचार.

ऑरिनचा एकुलता एक मुलगा टॉरी लढाईवर गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून ऑरिन दर हंगामात असे जवान शिकारीला बोलवायचा. पदरमोड करून. जेवण, बिछाना, सगळं घरचं. टॉरीचं शिकारीला घालायचं केशरी जॅकेट मात्र दाराआडच्या खुंटीवर. त्याला कुणी बोटही लावायचं नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. पाहुणा डेलमार. दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. रानातल्या लाकडी खोपटात दोघं दिवसभर हरणाची वाट बघत बसले.

"थंडी वाजतेय का रे?"

"पायांना तर अजिबात नाही!"

ऑरिनला हसू आवरेना. पोरगं चेष्टा करतंय म्हणजे बरं आहे, असं त्याला वाटलं. तिथंच फसला बिचारा.

अंधार पडला आणि डेलमारच्या विजेच्या खुर्चीची बॅटरी थंडीने उतरली. दुसरी घरी.

"जा की म्हातारबा. मी कुठं पळून जातोय?"

ऑरिन निघाला. बर्फ नुकताच थांबलेला, गुडघ्याएवढा. अर्ध्या वाटेवर त्याला आठवलं. दिवस मावळला की रायफल रिकामी करायची. आज राहिली. आणि दुपारी हरीण समोर आलं, तेव्हा पोरगं त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं, नजर नुसती रायफलवर...

 घर राहिलं बाजूला. मागं फिरला. धावला. पडला. उठला. कान खोपटाकडे...

आवाज नाही.

दार ढकललं. डेलमार हुंदके देत होता. जिवंत! मांडीवर रायफल. उघडी. रिकामी.

"गोळ्या कुठायत?"

"तुमच्या पोराने नेल्या."

"कुठल्या... पोराने?"

"केशरी जॅकेटवाल्या. तुम्हीच पाठवलंत ना? शेजारी येऊन बसला. रायफल हळूच काढून घेतली. आणि..."

"आणि?"

डेलमारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. 

ऑरिनने बाहेर टॉर्च मारला. बर्फात पावलं होती. जातानाची, येतानाची. फक्त ऑरिनची स्वतःचीच.

त्याने मला फोन केला. बॅटरी घेऊन मीच गेलो. डेलमारला घरी आणलं, गरम रस्सा पाजला, शेगडीजवळ झोपवलं. ऑरिन रात्रभर त्याचा हात धरून बसणार होता. पण आधी तो दाराआड गेला. खुंटीपाशी थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या जॅकेटाच्या खिशात हात घातला...

तीन काडतुसं. बर्फासारखी गार.

दोन कोरी होती. तिसरं मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय, पोरांनो. त्याच्या बुडाला रायफलची पिन आदळल्याचा खळगा होता, पण गोळी उडालीच नव्हती.

चाप ओढला गेला होता.